मालिकेच्या फ्रेममधली मागची माणसं: नव्या सहायक दिग्दर्शकासाठी मार्गदर्शक

मालिकेच्या युनिटमध्ये नव्याने आलेल्या सहायक दिग्दर्शकाच्या हाती बहुधा सुरुवातीलाच एक काम येतं: "बॅकग्राउंड तू बघ." कॅमेरा लागलेला असतो, मुख्य कलाकार मेकअप करून तयार असतात आणि पंधरा-वीस माणसं भिंतीलगत उभी राहून तुमच्याकडे बघत असतात. अशा घाईत तोंडातून निघतं, "तुम्ही दोघं इकडून तिकडे जा, तुम्ही तिकडून इकडे या." फ्रेम भरते, पण दृश्यात जीव येत नाही. प्रेक्षक या माणसांकडे मुद्दाम बघत नाही, तरी हे रुग्णालय खोटं आहे किंवा या कचेरीत कुणी खरं काम करत नाही, हे त्याला दोन सेकंदांत कळतं.

यावर एकच उपाय आहे. मागच्या प्रत्येक माणसाला एक छोटं काम द्या. त्या कामाला कारण हवं आणि ते दर टेकला, म्हणजे शॉट जितक्या वेळा घेतला जाईल तितक्या वेळा, जसंच्या तसं पुन्हा करता आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

हाताशी काय हवं

- दृश्यांचं ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या दृश्याला काय काय लागेल याची यादी. त्यात मागच्या माणसांसाठी वेगळा रकाना असू द्या: संख्या, वयोगट, पेहराव, हातातल्या वस्तू.
- कॉल शीट (त्या दिवशी कुणी कधी, कुठे यायचं याचा तक्ता) आणि लोकेशनचा किंवा सेटचा साधा आराखडा. हाताने काढलेला चालतो.
- दोन-तीन रंगांची टेप, जागा खुणावण्यासाठी.
- वॉकी-टॉकी आणि कानातला इअरपीस. उघड्या स्पीकरचा आवाज टेकमध्ये जातो.
- फोटो काढायला फोन आणि कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं ठेवण्यासाठीच्या नोंदींची, वही.
- वस्तूंची एक पेटी: फाइली, पिशव्या, चष्मे, छत्र्या, वर्तमानपत्रं, बंद पडलेले फोन, चाव्यांचे जुडगे. रिकाम्या हाताचा माणूस अवघडतो, हातात काही आलं की सैलावतो.
- बुटांच्या तळव्यांना आणि खुर्च्यांच्या पायांना चिकटवायला फेल्ट, म्हणजे आवाज दाबणारं जाड मऊ कापड.
- हजेरीपत्रक, मानधनाची व्हाउचरं आणि चित्रण वापरण्याची लेखी संमती. लहान मुलं असतील तर पालकांची परवानगी, आणि मुलांच्या कामाच्या तासांबद्दल त्या ठिकाणी जो नियम असेल तो आदल्या दिवशीच वाचून ठेवा.

१. माणसं मोजण्याआधी दृश्य वाचा

ब्रेकडाउनमध्ये "रुग्णालयाचा कॉरिडॉर, १५ माणसं" एवढंच लिहून पुढे जाऊ नका. या दृश्यात मागच्या माणसांनी गोष्टीसाठी काय करायचं आहे, हे आधी ठरलं पाहिजे. कधी ती जागा आणि वेळ सांगतात, कधी मुख्य पात्राचा दर्जा, कधी वातावरणातला ताण, आणि कधी फक्त वेळ किती गेला ते.

समजा, एका बाईला कॉरिडॉरमध्ये वाईट बातमी कळते. कॉरिडॉर गजबजलेला आहे आणि कुणाचंही तिच्याकडे लक्ष नाही, तर ती गर्दीत एकटी पडते. कॉरिडॉर रिकामा ठेवला तर सगळा भार तिच्या चेहऱ्यावर येतो. बाकावर बसलेल्या एकाच अनोळखी माणसाने तिच्याकडे बघून मान खाली घातली, तर ते दुःख आणखी कुणीतरी पाहिलं, असं होतं. संवाद तेच, अभिनय तोच, पण दृश्यं तीन. यातलं कुठलं हवंय हे दिग्दर्शकाला विचारा, आणि शॉट लावायच्या आधी विचारा. "बॅकग्राउंड किती हवं?" असं न विचारता, "ही इथे एकटी वाटायला हवी की सगळ्यांच्या नजरेत?" असं विचारलंत तर उपयोगी उत्तर मिळतं.

२. संख्या लेन्सवरून ठरवा

त्या जागेत खरोखर किती माणसं असतात हा हिशेब इथे चालत नाही. फ्रेममध्ये किती दिसतात तेवढंच मोजा. एकाच अंतरावर ८५ मिमीच्या लेन्सला जेवढी रुंदी दिसते, त्याच्या साधारण साडेतीन पट रुंदी २४ मिमीला दिसते. शिवाय ८५ मिमीसारखी लांब लेन्स दूरच्या कॅमेऱ्यावरून मागे-पुढे उभ्या माणसांना एकमेकांजवळ आणते. म्हणून ८५ मिमीवर आठ-दहा माणसं कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर उभी केली की बाजार भरलेला दिसतो, आणि २४ मिमीवर तीच माणसं ओसाड मैदानात विखुरल्यासारखी वाटतात. कॅमेरामनकडून त्या दिवसाच्या लेन्स आधी विचारून घ्या.

माणसं तीन थरांत लावा: कॅमेऱ्याजवळ एखाद-दुसरं, मुख्य पात्रांच्या पातळीवर थोडी, बाकीची मागे. नवे सहायक सगळ्यांना मागच्या भिंतीजवळ पाठवतात, त्यामुळे फ्रेम चपटी होते.

कॅमेरा उलट्या बाजूला फिरला की तीच माणसं तिकडे बसवावी लागतात. ते चालतं, पण एक पथ्य पाळा. पहिल्या बाजूला ज्याचा चेहरा किंवा ठळक रंगाचा कपडा स्पष्ट दिसला, तो त्याच दृश्यात दुसऱ्या बाजूला दिसता कामा नये. म्हणून तीन-चार माणसं सुरुवातीपासूनच राखून ठेवा आणि मास्टरमध्ये, म्हणजे सगळं दृश्य एकत्र दाखवणाऱ्या शॉटमध्ये, त्यांना पाठमोरंच बसवा.

वयाकडेही बघा. आलेले सगळे पंचविशीच्या आतले असतील तर ती कचेरी महाविद्यालय वाटेल. ही माणसं पुरवणाऱ्या को-ऑर्डिनेटरला नुसती संख्या न कळवता "पन्नाशीच्या पुढचे चार, पस्तिशीच्या आसपासचे सहा" असं लिहून द्या.

३. कपडे आदल्या दिवशी कळवा, सकाळी स्वतः तपासा

प्रत्येकाला दोन-तीन जोड आणायला सांगा आणि ऋतू गोष्टीतला सांगा. बाहेर कडक ऊन असताना थंडीचं दृश्य चित्रित होऊ शकतं. पांढरा शुभ्र, भडक लाल आणि चमकणारं कापड टाळा, कारण धूसर फोकसमध्येही डोळा तिकडेच जातो. बारीक जवळजवळच्या रेघा कॅमेऱ्यावर थरथरतात. ठळक ब्रँडची नावं आणि मजकूर छापलेले कपडे नकोत. मुख्य पात्राने जो रंग घातला आहे, तो त्याच्या आसपासच्या कुणाच्याही अंगावर ठेवू नका.

तपासणी माणसं आल्याबरोबर करा. सेटवर उभं केल्यावर कपडे बदलायला पाठवलं की त्यात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास संपूर्ण युनिटचा असतो.

४. प्रत्येकाला कुठून, कुठे, कशाला ते सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "चालत जा" ही सूचना पुरत नाही. "तुम्ही रिसेप्शनवर विचारून आलात, एक्स-रेची खोली सापडत नाहीये, ही पाटी वाचा आणि उजवीकडे वळा" असं सांगितलंत की चाल आपोआप बदलते. पाय किंचित अडखळतात, नजर वर जाते, मान वळते. यातलं काहीही तुम्हाला वेगळं करून घ्यावं लागत नाही. भावना सांगू नका. "काळजीत दिसा" म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात आणि माणूस अभिनय करू लागतो. काम सांगा, भावना कामातून येते.

सूचना एका वाक्यात बसली पाहिजे. दोन वाक्यं झाली तर तिसऱ्या टेकला त्यातलं एक गळून पडतं.

काम शॉटपेक्षा लांब असावं. दोन मिनिटांच्या शॉटमध्ये एखाद्याला फाइल कपाटात ठेवायला सांगितलं, तर दहा सेकंदांत ते आटोपतं आणि पुढे तो नुसता उभा राहतो. त्याऐवजी फाइलींचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावायला द्या. हे काम कितीही वेळ चालतं आणि कुठेही थांबवता येतं.

चालणाऱ्यांच्या, म्हणजे पासिंगच्या बाबतीत काही गोष्टी कायम लक्षात ठेवा:

- सगळे आडवे, फ्रेमच्या डावीकडून उजवीकडे जाऊ नयेत. तिरक्या वाटा द्या. काही कॅमेऱ्याकडे येऊ देत, काही दूर जाऊ देत.
- वेग वेगवेगळे ठेवा. एक घाईत, एक रेंगाळत, एक मध्येच थांबून फोन बघणारा.
- एकटे, जोड्या आणि तिघांचा एखादा गट यांची सरमिसळ करा. जोडीत कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं हे ठरवून द्या. नाहीतर दोघंही एकाच वेळी माना डोलावतात.
- लेन्सजवळून जाणारा माणूस फ्रेममधून पाव-अर्ध्या सेकंदात निघून जातो, म्हणून त्याला थोडं सावकाश चालायला सांगा. खूप लांबचा मात्र जागचा हलत नाहीसा वाटतो, त्याला वेग वाढवायला सांगा.
- मुख्य पात्राच्या डोक्यामागून कुणी नेमकं संवादाच्या वेळी गेलं तर लक्ष फुटतं. दृश्यातलं महत्त्वाचं वाक्य कुठलं ते पटकथेत अधोरेखित करा आणि त्या वाक्यावर सगळी पासिंग थांबवा. बसलेली माणसं आपलं काम चालू ठेवतील.

इशारा शब्दावर द्या. "ती 'सही' म्हणाली की तुम्ही निघा" हे "थोड्या वेळाने निघा" यापेक्षा कितीतरी पक्कं आहे. ज्यांना संवाद ऐकू येणार नाही अशा लांबच्यांना क्रमांक द्या आणि हाताने खूण करा. इशारा देणारा माणूस कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर पण त्यांच्या नजरेत असायला हवा. आडोसा आधीच शोधून ठेवा.

प्रतिक्रियांचा प्रश्न वेगळा आहे. रेस्टॉरंटमध्ये मुख्य पात्र अचानक ओरडलं तर मागच्यांनी काय करावं? सगळ्यांनी एकदम वळून बघितलं तर कवायत होते. कुणीच बघितलं नाही तर ते सगळे बहिरे वाटतात. जवळच्या दोन टेबलांनी लगेच बघावं, पलीकडच्यांनी एक श्वास उशिरा, कोपऱ्यातल्यांनी बघूच नये. त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. बघून झाल्यावर माणसं बघितलंच नाही असं दाखवतात, ताटाकडे वळतात, समोरच्याशी हळू बोलतात. ही परतीची हालचाल प्रत्येकाला वेगळी सांगा. प्रतिक्रिया असावी की नसावी हा निर्णय मात्र दिग्दर्शकाचा आहे, तुम्ही परस्पर घेऊ नका.

५. आवाज न काढता बोलणं

सिंक साउंडवर, म्हणजे चित्रणाच्या वेळीच आवाज रेकॉर्ड होत असताना, मुख्य पात्रांचे संवाद स्वच्छ मिळायला हवेत, म्हणून मागच्यांनी फक्त ओठ हलवायचे असतात. कुजबुजही नको. कुजबुजीतला स-श चा फुसफुसाट माइक हमखास पकडतो. हसायचं असेल तर खांदे आणि चेहरा हसतो, घशातून काही निघत नाही. कपबशी टेबलाला टेकवण्याआधी थांबवायची, किंवा खाली जाड कापड घालायचं. बुटांना फेल्ट लावायची वेळ हीच.

पार्टी किंवा नाचाचं दृश्य असेल तर सुरुवातीला संगीत वाजवून लय दिली जाते आणि संवादाआधी बंद केलं जातं. पुढे सगळे तीच लय मनात धरून नाचतात. लय सुटत असेल तर साउंड रेकॉर्डिस्टला अगदी खालच्या पट्टीतला, ४० हर्ट्झच्या आसपासचा ठोका वाजवता येईल का ते विचारा. बोलण्याचा आवाज साधारण ८० हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे हा ठोका नंतर गाळून टाकता येतो.

इथे एक हमखास चूक होते. सेट शांत असल्यामुळे सगळेच शांत जागेत असल्यासारखे वागतात. गोष्टीत मात्र तिथे मोठ्याने गाणी चालू आहेत. मागच्यांना सांगा: कानाजवळ वाका, हाताने खुणा करा, "काय?" असं पुन्हा विचारा. मुख्य कलाकारांनी आवाज चढवून बोलायला हवं हेही दिग्दर्शकाच्या कानावर घाला, कारण नंतर गाण्याचा आवाज मिसळला की हळू बोललेलं दृश्य खोटं पडतं.

माणसांना सोडण्याआधी रेकॉर्डिस्टला दोन गोष्टी हव्या आहेत का ते विचारा. एक, गर्दीचा वेगळा ध्वनी. मिनिटभर सगळ्यांनी खरोखर बोलायचं, प्रत्येक जोडीने वेगळ्या विषयावर, आणि कुणाचाही शब्द उठून येऊ द्यायचा नाही. दोन, सगळे आपापल्या जागी स्तब्ध असतानाचा खोलीचा रिकामा आवाज, अर्धा ते एक मिनिट. माणसांनी भरलेली खोली आणि रिकामी खोली वेगळी ऐकू येते. गर्दी घरी गेल्यावर ते परत मिळत नाही.

६. टेक सुरू होण्याचा क्रम

साउंड रोल, कॅमेरा रोल, क्लॅप, बॅकग्राउंड, अ‍ॅक्शन. बॅकग्राउंडचा पुकारा आधी, कारण पहिला संवाद येईपर्यंत मागचं जग चालू झालेलं दिसायला हवं. या दोन पुकाऱ्यांच्या मध्ये दोन-तीन सेकंद पुरतात.

"कट" ऐकू येईपर्यंत कुणीही थांबायचं नाही. मुख्य कलाकार अडखळला, हसला, वाक्य विसरला, तरी नाही. तो सावरून पुढे गेला तर तो टेक वापरला जाऊ शकतो, पण मागचे थांबलेले असतील तर तो वाया जातो. कटनंतर सगळे आपणहून फर्स्ट पोझिशनला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परततात, वस्तूंसह.

७. कंटिन्युइटीची वही

मालिकेतलं एक दृश्य मास्टर, ओव्हर शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), क्लोज (जवळून फक्त चेहरा) अशा तुकड्यांत घेतलं जातं, आणि कापताना संकलक यातले कुठलेही दोन तुकडे शेजारी ठेवू शकतो. क्लोजमध्ये बाईमागून निळ्या शर्टचा माणूस डावीकडे गेला आणि पुढच्याच तुकड्यात तो पुन्हा उजवीकडून निघाला, तर संकलकाला चांगला अभिनय टाकून द्यावा लागतो.

मास्टर ठरल्याबरोबर प्रत्येकासाठी एक ओळ लिहा: क्रमांक, कपड्याचा रंग, हातातली वस्तू (कुठल्या हातात तेही), सुरुवातीची जागा, इशाऱ्याचा शब्द, वाट, शेवटची जागा. सोबत फोटो. अर्धवट राहिलेलं दृश्य दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने पुरं होतं तेव्हा हीच वही कामाला येते. पेल्यातल्या पाण्याची पातळी आणि ताटातला घास हे कायमचे शत्रू आहेत, म्हणून मागच्यांना खाण्यापिण्याचं काम देताना घास उचलायचा पण गिळायचा नाही असं बजावून ठेवा.

क्लोजमध्ये पार्श्वभूमी धूसर असते, तेव्हा चेहरे जुळण्यापेक्षा रंग आणि हालचाल जुळणं महत्त्वाचं. वीसातली पाच माणसं पुरतात, फक्त रंग मास्टरमधलेच हवेत.

अनेक कॅमेऱ्यांवर एकाच वेळी चित्रण असेल तर सगळे मॉनिटर बघा. एका कॅमेऱ्याला सुंदर दिसणारी पासिंग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या क्लोजमध्ये चेहरा झाकून टाकते.

८. रोजच्या जागेचे रोजचे चेहरे

चित्रपट आणि मालिका यांत मोठा फरक इथे पडतो. मालिकेतली कचेरी, चौकी किंवा कॅफे शेकडो भागांत दिसतो. तिथे दरवेळी नवे चेहरे दिसले तर ती जागा कधीच मुरत नाही. चार-पाच माणसं ठरवून घ्या, त्यांची टेबलं पक्की करा, प्रत्येकाची एखादी सवय ठरवा. त्यांची वेगळी नोंदवही ठेवा, म्हणजे दहाव्या भागातला कारकून चाळिसाव्या भागात न्यायाधीशाच्या शेजारी उभा राहणार नाही.

ज्याला ते काम खरोखर येतं असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेत (१९९४ ते २००४) जेम्स मायकेल टायलर यांना कॉफीचं यंत्र चालवता येत होतं म्हणून काउंटरमागे उभं केलं होतं. सुरुवातीला त्यांना संवादही नव्हते. पुढे त्या माणसाला गन्थर हे नाव मिळालं, संवाद मिळाले आणि तो कथेचा भाग झाला. हाताला सवय असलेला माणूस मागे असला की मुख्य पात्रांनाही त्या जागेचा आधार मिळतो.

पण ऐन वेळी कुणाला एखादं वाक्य देऊ नका. बोलणाऱ्या कलाकाराचं मानधन आणि करार बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. आधी प्रॉडक्शनशी बोला.

९. त्यांची काळजी

ही माणसं दिवसाचा बराच भाग वाट बघण्यात घालवतात. बसायला जागा, सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि जेवणाची वेळ यांची व्यवस्था झाली आहे का, हे विचारणारे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असाल, म्हणून विचाराच. नावं पाठ करा. "ए पिवळा शर्ट" म्हणून हाक मारलेला माणूस तुमच्यासाठी आठव्या टेकला मनापासून चालणार नाही, आणि त्याने का चालावं? दृश्यात काय घडतंय ते दोन मिनिटांत सगळ्यांना सांगा.

मारामारी, धावणारी गाडी, धूर, आग किंवा जिन्यावरची पळापळ असेल तर तालीम झाल्याशिवाय कुणालाही त्या टप्प्यात उभं करू नका. पडणं, ढकलणं, आदळणं हे स्टंटवाल्यांचं काम आहे. हिंसेचं किंवा आक्रोशाचं दृश्य असेल तर तेही आधी सांगा आणि ज्याला नको असेल त्याला बाजूला होऊ द्या.

१०. शेवटच्या तालमीत काय बघायचं

एक तालीम मुख्य पात्रांकडे अजिबात न बघता बघा. नजर फ्रेमच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ठेवा. सापडणारे दोष बहुधा हेच असतात:

- कुणीतरी लेन्सकडे बघतंय. त्याला नजर ठेवायला दुसरी जागा द्या. नुसतं "कॅमेऱ्याकडे बघू नका" म्हटलं की नजर तिकडेच जाते.
- कुणीतरी मुख्य कलाकाराकडे टक लावून बघतंय. त्याला पाठमोरं बसवा.
- एखादा उत्साहाने जास्त करतोय. त्याला दटावू नका. लांबच्या थरात पाठवून हातात वस्तू द्या.
- दारात दोघं एकमेकांना अडतायत. इशाऱ्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर वाढवा.
- एक कोपरा मेलेला आहे. तिथे बसलेलं माणूस न्या, चालणारं नको.
- दोन्ही बाजूंची माणसं सारख्याच अंतरावर, सारख्याच संख्येने उभी आहेत. एका बाजूचं एक काढून दुसरीकडे द्या.

दृश्य संपलं असं दिग्दर्शक म्हणाले तरी लगेच पॅक-अप सांगू नका. कॅमेरा, साउंड आणि कंटिन्युइटी या तिघांकडून होकार घ्या. मग वस्तू आणि कपडे मोजून परत घ्या, व्हाउचरवर सह्या घ्या, उद्या कुणाला कुठल्या कपड्यांत परत यायचं आहे ते लिहून द्या, आणि मगच सोडा.